मुलगा ‘साईट सर्व्हे’ला जातो म्हणून खाली बघू नका

मंडळाच्या गणेशोत्सवात आरती झाली की जेवणाची रांग लागते आणि त्या रांगेत गप्पांचा विषय ठरलेला असतो. कोणाचा मुलगा काय करतो, कोणाची मुलगी कुठे लागली. गेल्या खेपेला माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका वहिनींना कोणीतरी हाच प्रश्न विचारला. ‘‘टेलिकॉममध्ये आहे,’’ एवढं म्हणून त्यांनी घाईघाईने मसालेभाताचा डाव हातात घेतला आणि बोलणं मोदकांवर नेलं. मला ते लागलं. कारण त्यांचा मुलगा काय करतो हे मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला त्यांना जो संकोच वाटला त्यात माझाही वाटा आहे.

हा मुलगा मोबाईलच्या जाळ्यासाठी ‘साईट सर्व्हे टेक्निशियन’ म्हणून काम करतो. काही वर्षांपूर्वी तो इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होता. कॅल्क्युलस दोनदा घेऊनही जमत नव्हतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत त्याने एका ठेकेदाराकडे हेच काम केलं होतं, ते त्याला मनापासून आवडलं होतं आणि ठेकेदार त्याला कायम ठेवायला तयार होता. आईवडील त्याला घेऊन माझ्याकडे आले. ‘‘तुमचा जन्म टेलिकॉममध्ये गेला, तुम्हीच समजवा,’’ म्हणाले. मी समजावलं. ‘‘अरे, हे काम कोणीही करतो. डिग्री हातात नसेल तर इकडे कोणी विचारत नाही,’’ असं छातीठोकपणे सांगितलं. मुलगा मोठ्यांचं ऐकणारा. आणखी दोन वर्षं तो कॉलेजात राहिला, डिग्री झालीच नाही, शिक्षणासाठी काढलेलं कर्ज तेवढं वाढलं. शेवटी तो त्याच कामावर गेला. जे काम दोन वर्षं आधी बिनकर्जाने मिळत होतं, ते आता हप्ते फेडत करतो आहे. भेटला की अजूनही वाकून नमस्कार करतो, आणि मला मान वर करवत नाही.

म्हणून हा लेख. सगळ्या मुलांनी कॉलेज सोडून टॉवर गाठावा असं माझं मुळीच म्हणणं नाही. म्हणणं एवढंच आहे की असा प्रश्न घरात आला तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न बाजूला ठेवून पगाराचे, विम्याचे आणि सुरक्षिततेचे प्रश्न विचारावेत. मी ते विचारले नव्हते.

हे काम म्हणजे नेमकं काय?

आपल्यापैकी ज्यांची गावाकडे जमीन आहे त्यांना मोजणीदार आठवत असेल. तो आला की सगळी भाऊबंदकी बांधावर जमते, कारण त्याने आखलेल्या रेषेवर पुढचं सगळं अवलंबून असतं. साईट सर्व्हे करणारा हा मोबाईल कंपन्यांचा मोजणीदार. अँटेना बदलायची असो, नवं यंत्र बसवायचं असो किंवा हॉस्पिटलच्या इमारतीत वाय-फाय घालायचं असो, आराखडा काढण्याआधी कोणीतरी जागेवर जाऊन बघावं लागतं. टॉवरवर कोणत्या उंचीला काय बसवलेलं आहे, अँटेनांची तोंडं कोणत्या दिशेला आहेत, केबल कुठून वर जाते, विजेच्या पॅनेलमध्ये ब्रेकरला जागा उरली आहे का, अर्थिंग धड आहे का, फायबर इमारतीत कुठून शिरतं, क्रेन उभी करायला वाट आहे का, फाटकाची किल्ली कोणाकडे असते, हे सगळं मोजून, फोटो काढून, नीट लिहून द्यायचं. लेझरचं अंतरमापक, टेप, जीपीएस, होकायंत्र आणि कॅमेरा ही त्याची हत्यारं. यातलं बरंचसं काम जमिनीवर, गच्चीवर आणि यंत्रांच्या खोलीत होतं. टॉवरवर चढणं प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही, आणि ज्यांच्या वाट्याला येतं त्यांना त्याचं वेगळं शिक्षण घ्यावं लागतं.

इमारतीच्या आत काम असेल तर मोजमाप वेगळं. तिथे सिग्नल किती पोचतो ते डीबीएम या मापात खोलीखोलीत फिरून नोंदवतात. तीन डीबी कमी झाले म्हणजे शक्ती निम्मी झाली, हे ज्याच्या अंगवळणी पडलं त्याला भिंतींची भाषा कळायला लागते. तांब्याच्या नेटवर्क केबलची मर्यादा १०० मीटर असते. म्हणून वायरिंगची खोली कुठे आहे आणि तिथून शेवटच्या टेबलापर्यंत केबल खरोखर कशी वळणं घेत जाणार, हे पायाखाली घालूनच बघावं लागतं. नकाशावरची सरळ रेषा तिथे उपयोगाची नसते.

‘हे काम कोणीही करतो’ हे माझं वाक्य किती खोटं होतं, हे मला माझ्याच नोकरीतल्या दोन गोष्टींवरून कळायला हवं होतं. मी ऑफिसात बसून हेच अहवाल वाचत असे. एकदा एका अहवालात अँटेनांच्या दिशा होकायंत्रावरून जशाच्या तशा लिहिल्या होत्या. न्यू जर्सीत होकायंत्राची उत्तर ही खऱ्या उत्तरेपासून सुमारे १२-१३ अंश पश्चिमेला असते, आणि हा फरक हिशेबात घ्यावा लागतो. तो घेतला नव्हता. तिन्ही अँटेना तेवढ्याच फिरलेल्या, आणि आम्ही मात्र महिनाभर एका वस्तीतले कॉल का तुटतात याची कारणं कॉम्प्युटरवर शोधत बसलो. दुसऱ्यांदा एका गच्चीवर कपाट बसवायला जागा आहे असा अहवाल आला. रविवारी रस्ता बंद ठेवण्याची परवानगी काढून क्रेन आणली. मग लक्षात आलं की आगीच्या जिन्याचं दार त्याच जागेवर उघडतं. क्रेन आल्या पावली परत गेली.

हा दुसरा अहवाल लिहिणारा माणूस आळशी नव्हता. त्याला एका दिवसात पाच जागा उरकायच्या होत्या आणि पैसे जागेमागे मिळत होते. दार उघडून बघायला त्याच्याकडे पाच मिनिटं नव्हती. ही गोष्ट मी पुढे पैशांच्या संदर्भात पुन्हा काढणार आहे.

यात शिरायचं कसं?

सुरुवातीला बहुतेक ठिकाणी हायस्कूलचं शिक्षण, स्वच्छ ड्रायव्हिंग लायसन्स आणि नीट लिहिता-बोलता येणारं इंग्रजी पुरतं. बाकीचं बरंचसं काम करता करता शिकवतात. तरी ‘ओशा’चा दहा तासांचा सुरक्षितता अभ्यासक्रम आधी केलेला बरा. फायबरसाठी फायबर ऑप्टिक असोसिएशनचं, तर इमारतींतल्या वायरिंगसाठी ‘बिक्सी’ या संस्थेचं प्रमाणपत्र या धंद्यात ओळखीचं आहे. ड्रोनने टॉवरचे फोटो काढायचे असतील तर विमानवाहतूक खात्याचं ‘पार्ट १०७’चं प्रमाणपत्र लागतं. हा नियम २०१६ सालापासून लागू आहे. वय किमान १६ हवं, ६० प्रश्नांच्या परीक्षेत ७० टक्के मिळवावे लागतात आणि दर २४ महिन्यांनी उजळणी करावी लागते. अमेरिकन नागरिक असण्याची अट त्याला नाही. ड्रोन आले म्हणून हे काम संपेल असं काही जणांना वाटतं. टॉवरवर चढणं त्यांनी कमी केलं हे खरं, पण बंद खोलीतलं पॅनेल उघडून ब्रेकर मोजायला माणूसच जावा लागतो.

ही पायरी शेवटची नाही, हेही समजून घ्यायला हवं. इथून काही जण आराखडे काढण्याकडे जातात, काही जागा मिळवण्याच्या आणि परवानग्यांच्या कामाकडे, काही बांधकामाचे व्यवस्थापक होतात. बिक्सीची आर-सी-डी-डी ही पदवी अनुभव आणि परीक्षा यांवर मिळते आणि इमारतींच्या आराखड्यात तिला मान आहे. कम्युनिटी कॉलेजात संध्याकाळी शिकून डिग्रीकडे परत येणारेही आहेत. जमिनीवरचं काम आधी बघितलेलं असेल तर तेच गणित दुसऱ्यांदा सोपं जातं, असा माझा अनुभव आहे.

आपल्यातल्या काही कुटुंबांना यात व्हिसाची अडचण आहे, ती आधीच बघावी. एच-१बी हा व्हिसा साधारणपणे विशिष्ट विषयातली डिग्री लागणाऱ्या कामासाठी असतो, त्यामुळे टेक्निशियनच्या नोकरीवर तो मिळणं कठीण. एच-४ वर असलेल्या मुलांना नोकरी करता येत नाही, आणि २१ वर्षं पूर्ण झाली की तो दर्जाही सुटतो. एच-४ वरच्या पती किंवा पत्नीला २०१५ सालापासून काही अटींवर काम करण्याचा परवाना मिळू लागला. एफ-१ वरच्या विद्यार्थ्याचं शिक्षणानंतरचं काम त्याच्या विषयाशी निगडित असावं लागतं. तेव्हा ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्व नसेल तर आधी वकिलाला विचारा आणि मगच पुढचं पाऊल टाका.

दुसरीकडे, महाराष्ट्रातल्या तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा घेऊन लग्न होऊन इकडे आलेल्या आणि आता कामाची मुभा असलेल्या किती तरी भगिनी आपल्या मंडळात आहेत. ‘माझ्या डिप्लोम्याला इकडे काय किंमत?’ असं त्या विचारतात. इमारतींच्या आतला सर्व्हे हे काम त्यांनी जरूर बघावं. मल्टिमीटर हातात धरलेला आहे, तो हात रिकामा ठेवू नये.

पैशाचा हिशेब

आता मुख्य मुद्दा. नोकरी सांगून आली की आपण पहिला प्रश्न विचारतो, ताशी किती? त्याआधीचा प्रश्न असा आहे की वर्षअखेरीला हातात डब्ल्यू-२ येणार की १०९९? डब्ल्यू-२ म्हणजे तुम्ही कंपनीचे नोकर. १०९९ म्हणजे कागदावर तुम्ही स्वतंत्र ठेकेदार. या धंद्यात कामं एका ठेकेदाराकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे जातात, त्यामुळे हा प्रश्न इथे फार महत्त्वाचा.

समजा एकाने डब्ल्यू-२ वर ताशी २५ डॉलर देऊ केले आणि दुसऱ्याने १०९९ वर ताशी ३०. आठवड्याला ५० तास काम आहे. पहिल्या ठिकाणी ४० तासांवरच्या दहा तासांना कायद्याने दीडपट दर, म्हणजे एकूण १,३७५ डॉलर. त्यातून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के गेले की सुमारे १,२७० उरतात. दुसऱ्या ठिकाणी ओव्हरटाईम नाही. सरळ १,५०० डॉलर, पण मालकाचा आणि नोकराचा दोन्ही हिस्से आपणच भरायचे, म्हणजे १५.३ टक्क्यांचा स्वयंरोजगार कर. हा कर मिळकतीच्या ९२.३५ टक्क्यांवर लागतो. तो भरून सुमारे १,२८८ उरतात. प्राप्तिकर दोन्हीकडे पुढे आहेच. म्हणजे ताशी पाच डॉलर जास्त दिसत होते, ते आठवड्याला जेमतेम १८ डॉलर निघाले. आणि त्या १८ डॉलरमध्ये गाडी आपली, पेट्रोल आपलं, विमा आपला, आजारी पडलो तर दिवसही आपला.

गाडीचं तर खास बघावं. या कामात आठवड्याला शेकडो मैल होतात. सरकारने २०२५ सालासाठी मैलामागे ७० सेंट हा दर धरला होता. १०९९ वाल्याला तो खर्च म्हणून दाखवता येतो, पण त्यासाठी रोजची मैलांची वही ठेवावी लागते. डब्ल्यू-२ वाल्याला मात्र स्वतःच्या गाडीचा न मिळालेला खर्च २०१८ सालापासून केंद्रीय करात दाखवता येत नाही. म्हणून कंपनी गाडी देते की मैलांचे पैसे देते, हे लेखी घ्या. बाहेरगावी मुक्काम असेल तर हॉटेल आणि जेवणखर्च कोणाचा, तेही लेखी घ्या.

हे जमून आलं तर या कामाचा एक मोठा फायदा आहे. अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कर्जाशिवाय कमवायला लागतो. वयाच्या २६व्या वर्षापर्यंत तो आईवडिलांच्या आरोग्यविम्यावर राहू शकतो. मिळकतीतून थोडे पैसे रॉथ आयआरएमध्ये टाकले तर त्यांना वाढायला चाळीस-पंचेचाळीस वर्षं मिळतात. त्याच वयात कर्ज काढून, मन नसलेल्या वर्गात बसलेल्या मुलाचा हिशेब याच्या शेजारी मांडून बघा. मी तो मांडला नव्हता.

आणि जिवाचं काय?

आईच्या मनात येणारा पहिला प्रश्न हा असतो, आणि तो योग्यच आहे. भीती बहुधा अँटेनाच्या लहरींची असते. मोबाईल अँटेनांच्या लहरींना १९९६ सालापासून संपर्कमर्यादा ठरवून दिलेल्या आहेत. कामगारांसाठी ती सर्वसाधारण लोकांच्या पाचपट असते, कारण कामगाराला धोका माहीत असतो आणि तो बाजूला होऊ शकतो, असं गृहीत धरलेलं आहे. लहरींचा नक्की माहीत असलेला परिणाम म्हणजे शरीर तापणं. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०११ साली या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ या वर्गात ठेवलं, म्हणजे शंका आहे पण पुरावा अपुरा. व्यवहारात नियम साधा आहे. अँटेनाच्या तोंडासमोर उभं राहायचं नाही, पाट्या वाचायच्या, अंगावर मोजणारा मॉनिटर लावायचा, आणि जवळ जाणं भाग असेल तर आधी फोन करून अँटेना बंद करून घ्यायची.

खरे धोके दुसरेच आहेत आणि ते ओळखीचे असल्याने आपण त्यांना भीत नाही. या देशात कामावर होणाऱ्या मृत्यूंत सर्वात जास्त मृत्यू वाहनांमुळे होतात. दिवसभर गच्च्या चढून रात्री दोनशे मैल गाडी चालवणं हे अँटेनापेक्षा घातक. दुसरा धोका पडण्याचा. बांधकामाच्या कामात सहा फूट आणि इतर उद्योगांत साधारण चार फूट उंचीपासून पडण्यापासून संरक्षण द्यायला मालक बांधील आहे, आणि सुरक्षेच्या बहुतेक साधनांचा खर्चही नियमाने मालकाचाच. तिसरा धोका ऊन, चौथा पाठ. आणि अपघात झालाच तर कामगार-विमा असतो, पण तो नोकरासाठी. १०९९ वाल्याला बहुधा तो नसतो, आणि टेक्सासात तर खासगी मालकावर तो घेण्याची सक्तीच नाही.

आता ती क्रेनची गोष्ट आठवा. जागेमागे पैसे मिळणारा माणूस दार उघडून बघत नाही, तसाच तो हार्नेस चढवायलाही वेळ काढत नाही आणि झोप आली म्हणून गाडी बाजूला घेत नाही. पैशाचा प्रश्न आणि जिवाचा प्रश्न इथे एकच आहे. काम हलकं नसतं, करार हलका असू शकतो.

खुर्चीवर बसून केलेली नोकरी सुरक्षित, असं आपण धरून चालतो, त्याबद्दलही एक शब्द. आपल्या लोकांत मधुमेह लवकर आणि कमी वजनातही होतो, म्हणून इथले डॉक्टर आशियाई वंशाच्या माणसाची तपासणी बीएमआय २३ झाल्यापासूनच करायला सांगतात. तीस वर्षं मी स्क्रीनपुढे बसलो, त्याची गोळी आज रोज सकाळी घेतो. दिवसभर चालणाऱ्या त्या मुलाला हे कोणी सांगत नाही.

हरकती

‘‘टेलिकॉमचा काय भरवसा?’’ असं माझे मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. २००१-०२ साली या धंद्याची जी पडझड झाली ती आपल्यातल्या अनेकांनी सोसली आहे, मीही त्यात होतो. काम लाटांनी येतं. २०२२ साली इथल्या मोठ्या कंपन्यांनी थ्रीजी बंद केलं, त्याच्या आगेमागे टॉवरोटॉवरी अँटेना बदलल्या गेल्या. २०२१ सालच्या कायद्याने ग्रामीण भागात इंटरनेट नेण्यासाठी ४२.४५ अब्ज डॉलरची तरतूद केली, पण असा पैसा प्रत्यक्ष कामापर्यंत पोचायला वर्षं लागतात. तेव्हा या कामात सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवल्याशिवाय नवी गाडी घेऊ नये. पण त्या पडझडीत माझ्याबरोबर घरी बसलेले बहुतेक डिग्रीवाले होते, हेही मी विसरलेलो नाही.

दुसरी हरकत कोणी तोंडाने काढत नाही. लग्नाच्या वेळी काय सांगायचं? माझ्या लहानपणी घरी फोन यायला वर्षानुवर्षं नंबर लावून बसावं लागे. अखेर टेलिफोन खात्याचा माणूस वायरचं भेंडोळं घेऊन दारात आला की आई त्याला आधी चहा देत असे आणि मग काम सांगत असे. त्या माणसाला आपण मान दिला. त्याचंच काम आपला मुलगा करू लागला की तो मान जातो कुठे?

वाचकहो, तुमच्या घरात असा प्रश्न आला तर जेवणाच्या टेबलावर एवढं विचारा. डब्ल्यू-२ आहे की १०९९? पैसे तासाचे की जागेचे? गाडी, हार्नेस आणि शिक्षण यांचा खर्च कोणाचा? कामगार-विमा आहे का? दिवसात किती जागा आणि किती मैल? दोन वर्षांनी पुढची पायरी कोणती? उत्तरं नीट नसतील तर मुलाला स्पष्ट नाही म्हणा, आणि त्याच कामासाठी दुसरी कंपनी शोधायला मदत करा. उत्तरं नीट असतील तर त्याला जाऊ द्या.

त्या वहिनींशी मी नंतर बोललो. माझा सल्ला चुकला होता, हे त्यांच्यापुढे आणि मुलापुढे कबूल केलं. मुलगा हसला आणि म्हणाला, ‘‘काका, आता जागेवर गेलो की आधी सगळी दारं उघडून बघतो. तुमची क्रेनची गोष्ट मी नव्या मुलांना सांगतो.’’ पुढच्या गणेशोत्सवात जेवणाच्या रांगेत कोणी विचारलं तर त्याचं काम काय आहे ते मीच सविस्तर सांगणार आहे.

आपल्यापैकी कोणी या क्षेत्रात असेल तर आपला अनुभव मंडळाकडे जरूर लिहून पाठवा. एखाद्या घरातला मुलगा त्याची वाट बघत असेल.